गॅरंटी नाही

शहापुरात, गल्लीच्या तोंडाला,
माझं दुकान आठ बाय सहाचं.
वर पाटी, निम्मी कन्नड, निम्मी मराठी.
दोन्हीकडं माझं नाव चुकलेलं.
पेंटरला सांगितलं तर म्हणाला,
"असू दे की शट्टुपा, लोक मिक्सर घेऊन येऊलेत,
नावाला कोण विचारूलंय?"
सोळा वर्षं झाली.
खरंच कुणी विचारलं नाही.

दर दोन महिन्यांनी नीलव्वा हुक्केरी येते
रिमोट घेऊन.
विकत आणला तेव्हाच्याच पिशवीत, वर रबर.
"नवाच हाय की अजून."
पिशवीवर बोटांनी घासून घासून
आकडे दिसेनासे झालेत,
आतले कोरे करकरीत.
आणि पाठीमागं, झाकणाखाली,
सेल फुटून हिरवं पाणी.
फार जपलं की आतनं कुजतं,
हे माझ्या जिभेवर येतं.
पण सेलाचे वीस रुपये मिळतात,
उपदेशाचे कोण देणार?
मी सेल बदलतो.

दुरुस्तीला आलेला टीव्ही चालतो का बघायला
सासूसुनांची मालिका लावतो.
नीलव्वा स्टुलावर बसते, उठत नाही.
भाषा कळायची गरज नाही,
हीच गोष्ट तिच्याकडं कन्नडमध्ये
मागच्या वर्षीच होऊन गेली.
सासूचा हात उठतो.
थप्पड एक, पण बसते तीनदा:
डावीकडनं, उजवीकडनं, आणि एकदा
छताच्या पंख्याला दिसेल तशी.
मध्ये ढोल, वीज, सगळ्यांचे डोळे.
"अय्यो पापा! नोडरी, नोडरी!"
आता ही कशी मेलेली परत येणार आहे
तेही ती मला आधीच सांगून ठेवते.

आमच्या घरी भागीरथी
गेल्या मंगळवारी एवढंच म्हणाली,
"तुमचं माझ्याकडं लक्षच नसतंय."
एकदाच म्हणाली.
ढोल नाही, वीज नाही,
कुणी वळून बघितलं नाही.
मी जारच्या पात्याचा नट काढत होतो,
तो काढला.
जरा संगीत वाजलं असतं
तर मान तरी वर केली असती.

शुक्रवारी अनगोळचे होनगेकर मास्तर
कुकर घेऊन आले.
"शिट्टीच होत नाही हो. अगदी शांत झालाय."
मी रिंग काढली, उजेडात धरली.
"मास्तर, शिट्टी न होणारा कुकर
शांत झालेला नसतो.
कुठनं तरी वाफ जात असते."
बोललो,
आणि रिंग हातात तशीच राहिली.
मंगळ, बुध, गुरू, शुक्र.
चार दिवस भागीरथी शांत होती.

येताना पाव किलो कुंदा घेतला.
दूध तापत ठेवून कुणीतरी विसरलं
आणि त्याचं हे झालं, असं लोक सांगतात.
खरं-खोटं हलवायाला ठाऊक.
मला ते बरं वाटतं,
विसरणाऱ्या माणसाच्या बाजूनं
निदान एक तरी मिठाई आहे.

तिनं चमचाभर खाल्ला.
"गोड हाय म्हणून सुटला नाही तुम्ही," म्हणाली.
"बोला आता. आणि तो स्क्रू ड्रायव्हर
खिशातनं काढून खाली ठेवा पहिला."
ठेवला.
रात्री अकरापर्यंत बोललो.
काय बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही,
निम्मं विजेच्या बिलाबद्दल होतं.
मध्येच ती हसली,
"दुकानात लिहिलंय तसं घरातबी लावा पाटी,
दुरुस्तीनंतर गॅरंटी नाही."

दुसऱ्या दिवशी त्याच खुशीत
नीलव्वाला सगळं फुकट सांगून टाकलं.
पिशवी काढ म्हटलं, रिमोटला वारा लागू दे,
आकडे पुसले तर पुसले,
तू कुठं परत विकणार आहेस तो?
ती ऐकत राहिली. मान हलवली.
माझ्यासमोर रबर काढलं, पिशवी काढली,
रिमोटकडं असं बघितलं
जशी बाळंतिणीनं पहिल्यांदा पोर बघावं.
मग ती पिशवी झटकली,
नीट चार घड्या घातल्या,
कमरेला खोचली.
"तू म्हणूलास ते खरं हाय शट्टुपा."
पायरी उतरता उतरता थांबली.

"याच्यापेक्षा मोठी पिशवी हाय काय रे तुझ्याकडं?
लेकानं नवा मिक्सर आणलाय."